तोंड गोड न करणारं घर

काही घरांत जुनी भांडी साठतात, काही घरांत जुनी भांडणं. आमच्याकडे किस्से साठलेत, आणि सगळे एकाच जागेवरून सुरू होतात. कुणीतरी पुढे होऊन म्हणतं, "घ्या, तोंड गोड करा!" झालं. एक किस्सा वाढला.

कारण आमच्याकडे मला आणि माझ्या नातवाला, विहानला, साखर चालत नाही. डायबिटीस नाही. डायबिटीस असता तर बरं झालं असतं, लोकांना तो कळतो. हा जन्माबरोबर आलेला, घराण्यातून उतरलेला आजार आहे. साखर, गूळ, मध, फळं, काहीही पोटात गेलं की त्याचं आत विष होतं. त्याचं इंग्रजी नाव पेण स्टँडवर म्हणायला घेतलं तर वडखळला संपतं. मी चौथी शिकलेली, पण मला ते अख्खं म्हणता येतं. पोर जगवायचं असलं की सगळं म्हणता येतं.

मला ते नाव कळलं तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती. तोवरचे आणि त्यानंतरचे हे किस्से.

*

माझं माहेर रोह्याकडच्या खांब गावाच्या बाजूचं. गावात शाळा चौथीपर्यंत. पंधरा ऑगस्टला बुंदी वाटायचे. मी ती हातात घ्यायची आणि मोठ्या भावाला, दादाला, देऊन टाकायची.

एका वर्षी तालुक्याहून साहेब आले. कडक पांढरी पँट. त्यांनी नेमकं मलाच पुढे बोलावलं. "खा बाळ, आमच्यासमोर खा."

मी म्हटलं, "मला नको."

गुरुजी डोळे मोठे करून म्हणाले, "देशाची बुंदी आहे ती! नको काय?"

देशासाठी मी खाल्ली. आणि साहेबांच्या पँटवर परत केली.

गुरुजींनी वडिलांना शाळेत बोलावून घेतलं. "तुमच्या मुलीला शिस्त नाही."

वडील म्हणाले, "हाय की गुरुजी. आधी नाय म्हनली व्हती ना ती?"

*

दादाला माझा हा आजार पहिल्यापासून फार आवडायचा. गावात कुणाचंही लग्न असो, पंगतीत तो माझ्या शेजारी बसणार म्हणजे बसणार. माझ्या पानातला लाडू त्याचा, जिलबी त्याची, वाटीतली खीर त्याची. बायका कौतुकाने म्हणायच्या, "बहिणीवर किती जीव हाय गो पोराचा!"

चाळिशीत दादाला डायबिटीस झाला. रोह्याला तपासून तो घरी गेला नाही, गाडी पकडून थेट पेणला माझ्याकडे आला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला,

"बाय, ह्यातला अर्धा तुझा हाय."

*

माझा साखरपुडा. पेणचं स्थळ. सासूने पेढा माझ्या तोंडाशी आणला. मी ओठ मिटले. तिने पेढा दाबला, मी दात आवळले. पेढा नाकाला लागला.

सासू म्हणाली, "पोरीची दातखिळी बसलीय काय?"

आई म्हणाली, "लाजतेय."

मी म्हटलं, "लाजत नाय मी. मला गोड नको. सुकटीची चटनी असंल तर द्या."

सासरे खाकरले आणि म्हणाले, "गोड खात नाय, मग सासरी गोड बोलनार कशी?"

मी म्हटलं, "तुमी बोलाल तशी."

नवरा शेजारीच बसला होता. सगळं गप ऐकत होता. अजून ऐकतोच आहे.

*

मी पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यात काम करते. मूर्ती घासायची आणि तिला पांढऱ्या रंगाचा हात द्यायचा, एवढं माझं काम. एकदा आम्हा कारखान्यातल्या बायकांना दातांच्या शिबिराला नेलं. तिथला तरुण डॉक्टर माझ्या तोंडात बघत बसला. मग त्याने दुसऱ्या डॉक्टरला हाक मारली. दोघंही बघत बसले. मला वाटलं, गेलो आपण.

"मावशी, या वयात एकसुद्धा दात किडलेला नाही! काय करता तुम्ही?"

"भांडते."

त्याला फार आनंद झाला होता. त्याने मला हाताला धरून रांगेतल्या बायकांपुढे उभं केलं. "या मावशींना विचारा, दात कसे सांभाळायचे! सांगा मावशी, रोज दाताला काय लावता?"

मी खरं सांगितलं. "मिश्री."

त्यानंतर त्याने माझ्याकडे बघितलं नाही. त्या संध्याकाळी तंबाखूची ती मिश्री मात्र बऱ्याच घरांत गेली.

*

आता विहान.

माझ्या मुलाचं, निलेशचं, लग्न आम्ही दादाच्या मुलीशी केलं, प्रणालीशी. मामाची मुलगी, आमच्यात चालतं. वहिनी, म्हणजे दादाची बायको, डोळे पुसत म्हणाली, "वन्सं, सासू झालात आता, पोरीला संभाळून घ्या."

मी म्हटलं, "आत्या व्हते तवा काय मारत व्हते?"

विहान झाला. आईच्या दुधावर होता तोवर पैलवान. मग उष्टावण केलं. मामाच्या मांडीवर बसवून खिरीचा पहिला घास दिला. पोराने खीर ओकली, अंगाला घाम फुटला, हातपाय गार पडले. सगळे म्हणाले, नजर लागली. वहिनीने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि पोराला शांत वाटावं म्हणून बोटभर मध चाटवला.

तिथून पुढे घरात दुसरं कामच उरलं नाही. पोर ओकायचं म्हणून शेजारीण गुळाचं पाणी पाजायची. गुळाने ओकायचं म्हणून मेडिकलवाला सिरप द्यायचा. सिरप गुलाबी आणि गोड. मग पोर मान टाकायचं, आणि आम्ही त्याला घेऊन पेणच्या लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावायचो. त्या सलाईन लावायच्या. सकाळी पोर हसत उठायचं. घरी आणलं की चार दिवसांत परत तेच.

वहिनीने निदान केलं. "पोर हास्पिटलात हसतंय नि घरात मरतंय. पोराला काय नाय, घराला बाधा हाय."

दादाने देवऋषी आणला. त्याने घरभर लिंबं कापली, खांबाला नारळ बांधला आणि पोराला अंगारा दिला.

मधातून.

*

शेवटी विहानचं पोट टम्म फुगलं, डोळे पिवळे झाले. पोर रडायचंसुद्धा बंद झालं. रडत होतं तेव्हा आम्ही वैतागायचो, गप झालं तेव्हा कळलं की रडणं बरं होतं. प्रणाली त्याच्या नाकाखाली बोट धरून बसायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लिव्हर सुजलंय. का सुजलंय ते मला कळत नाहीये. उद्या मुंबईला हलवू."

त्याच दुपारी तिथल्या एका नर्सची मुलगी पास झाली. पेढे वाटले गेले. डॉक्टरीणबाई स्वतः खोका घेऊन खाटेपाशी आल्या. "घ्या आजी."

"नको."

"डायबिटीस?"

"नाय."

"उपास?"

"नाय."

"मग माझ्यावर राग आहे?"

"राग हाय. पन पेढा नको तो त्याच्यापायी नाय."

"मग कशापायी?"

"गोड खाल्लं की ओकते मी. अंग गार पडतं. जल्मापासनं."

बाईंनी खोका खाटेवर ठेवला. खिशातून टॉर्च काढला. "तोंड उघडा."

"आजारी मी नाय, तो हाय!"

"उघडा म्हणते ना!"

आयुष्यात माझ्यावर एवढ्या मोठ्याने ओरडणारं पहिलंच माणूस. मी उघडलं. त्यांनी एकेक दात बघितला आणि वळून प्रणालीला विचारलं, "बाळाला पहिलं गोड कधी दिलं?"

"उष्टावणाला."

"आणि पहिली उलटी?"

प्रणालीने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. कोपऱ्यात वहिनीने मांडीवरची मधाच्या बाटलीची पिशवी हळूच पदराखाली घेतली.

बाई म्हणाल्या, "बाहेर काढा ती बाटली."

मग त्यांनी आधी स्वतःच्याच चिठ्ठीतलं सिरप खोडलं आणि त्यानंतर आम्हा सगळ्यांवर ओरडल्या. त्या क्रमासाठी ती बाई मला आवडते.

*

गोड बंद केलं आणि पोर वर आलं. आधी परत रडायला लागलं, मग भूक मागायला लागलं. तरी पक्कं कळायला रक्त मुंबईला गेलं, पाठोपाठ आम्हीही गेलो. तिथले मोठे डॉक्टर शांतपणे समजावून सांगणारे.

वहिनीने विचारलं, "सलाईनमधी ग्लुकोज असतंय ना? ते बी गोडच. मग ते चालतं नि साखर चालत नाय, असं कसं?"

डॉक्टर म्हणाले, "आजी, साखर म्हणजे जोडी असते. पोटात गेली की दोघं वेगळे होतात. एक ग्लुकोज. तो सज्जन, कामाला लागतो. दुसरा फ्रुक्टोज. त्याला कामाला लावणारा रस यांच्या लिव्हरमध्ये जन्मापासूनच नीट तयार होत नाही. मग तो तिथेच बसून राहतो, काम करत नाही आणि घराची नासाडी करतो."

वहिनी म्हणाली, "म्हंजे घरजावय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आम्ही बाहेर पडलो, पुढचा पेशंट आत गेला आणि आम्हाला आवाज आला, "तर हा फ्रुक्टोज म्हणजे घरजावई समजा..."

*

त्याच खोलीत भांडणही झालं. डॉक्टर म्हणाले, हा दोष आईकडून आणि वडिलांकडून, दोन्ही बाजूंनी आला तरच आजार होतो. एकाच बाजूने आला तर माणूस धडधाकट राहतो, पण दोष पुढे देऊ शकतो.

वहिनी ताडकन उठली. "आमच्याकडं असलं काय नाय! हे वन्संच्या घरातनं आलंय!"

मी म्हटलं, "वहिनी, माझं घर म्हंजे कोनतं? मी कुठनं आले?"

"खांबकडनं."

"आनि तुझा नवरा?"

वहिनी दादाकडे बघत राहिली. पस्तीस वर्षांचा संसार झाला होता, पण ही बाजू तिच्या ध्यानात आली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, "जवळच्या नात्यात लग्न झालं की अशा दोन बाजू एकत्र यायची शक्यता वाढते."

दादा भाताचा आणि वालाचा शेतकरी. त्याने मान हलवली. "घरचंच बी घरच्याच वाफ्यात टाकलं. समजलं."

डॉक्टर म्हणाले, "अगदी बरोबर."

निलेश पहिल्यांदाच बोलला. "मामा, मी वाफा आहे की बी?"

"तू गप."

*

काय खायचं ते विचारलं. डॉक्टर सांगत गेले. फळं नाही. गोड नाही. गोड भाज्या नाहीत. सिरप नाही, आणि डब्यावर 'शुगर फ्री' लिहिलं असलं तरी विचारल्याशिवाय नाही. दूध बिनसाखरेचं. प्रणालीचा चेहरा उतरत गेला. मग ते म्हणाले, "भात चालेल. मासे चालतील. अंडी, मटण, तूप चालेल."

दादा एकदम ताठ बसला. "हा आजार देवाने बघून दिलाय. घाटावर दिला असता तर पोर मेलं असतं!"

*

आजार सांभाळणं सोपं. माणसं सांभाळणं अवघड. "एवढ्याशानं काय व्हतंय?" हे वाक्य मला कुणी रुपयाला विकत दिलं असतं तर मी जाळून टाकायला सगळी घेतली असती.

विहान चालायला लागला तसा कारखान्यात माझ्याबरोबर यायचा. गणपतीच्या दिवसांत मूर्ती न्यायला माणसं येतात, ती खिशात काहीतरी घेऊनच येतात. मी मूर्तीचे डोळे आखणाऱ्या पोराकडून विहानच्या शर्टवर पुढे-मागे लाल अक्षरांत लिहून घेतलं : 'मला गोड देऊ नका.'

पहिल्याच दिवशी नागोठण्याचा एक गृहस्थ आला. चष्मा वर करून त्याने शर्ट वाचला, नीट, पुढूनही आणि मागूनही. मग खिशातून चॉकलेट काढलं आणि विहानपुढे धरलं.

मी ओरडले, "वाचता येतं ना तुमाला?"

तो म्हणाला, "येतं की! म्हटलं बघू, खरंच नाय खात काय!"

त्याची मूर्ती मी स्वतः टेंपोत ठेवून दिली. बाप्पाला नमस्कार केला. त्याला केला नाही.

*

विहान पाच वर्षांचा झाला आणि प्रणालीला परत दिवस गेले. घरात कुणी पेढे आणले नाहीत. आमच्याकडे तसेही आणत नाहीत, पण या वेळी कारण वेगळं होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "प्रत्येक खेपेला चारात एक, एवढी भीती असते. पोटात असतानाच तपासता येतं."

प्रणाली म्हणाली, "नको. कळून काय करायचं? आजार निघाला तर दोघांचा स्वयंपाक एकत्र होईल."

एवढं ठणकावून बोलली आणि घरी येऊन मोरीत जाऊन रडली. मी जाऊन नळ सोडला. निलेशची दुसरी शिफ्ट होती, तो बाहेर जेवत होता. "आई, पाणी वाया का घालवतेस?" म्हणाला. मी म्हटलं, "माझं पानी हाय. जेव."

*

बाळंतपण माहेरी, म्हणून रोह्याच्या हॉस्पिटलात. मुलगी झाली. बाळाचं रक्त लगेच मुंबईला पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत आईच्या दुधाशिवाय थेंब द्यायचा नाही, असं बजावून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी गावातली एक म्हातारी आली. हातात मधाची वाटी, वाटीत सोन्याची अंगठी. आमच्याकडे मानतात की पहिला मध ज्याच्या हातून चाटवावा त्याचा स्वभाव बाळाला लागतो. वहिनी दारातच उभी होती. तिने दोन्ही हात चौकटीला लावले.

"मावशे, वाटी भायेर ठेव."

"अगो, एवढ्याशानं काय व्हतंय?"

वहिनी म्हणाली, "एवढ्याशानं काय व्हतं ते बघायला एक नातू दिला व्हता मी. दुसरं पोर मिळनार नाय."

म्हातारी वरमली. वाटी पदराखाली घेत म्हणाली, "मग पोरीला सभाव कोनाचा लागनार?"

वहिनीने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"वन्संचा नको. बाकी कोनाचा बी चालंल."

*

रिपोर्टला वेळ लागला. बाळ आणि प्रणाली दादाकडे होती, मीही विहानला घेऊन तिथेच मुक्काम ठोकला. त्या दिवसांत घरात कुणी कुणाशी भांडलं नाही, यावरून काय ते समजा. बाळ जरा दूध बाहेर काढायचं आणि चार मोठी माणसं उभी राहायची. दादा तर वास घेऊन बघायचा. कसला वास, ते त्यालाही माहीत नव्हतं.

एका दुपारी निलेश आलेला असताना डॉक्टरीणबाईंचा फोन आला. निलेशने स्पीकर लावला.

बाई म्हणाल्या, "मुलीला आजार नाही. तिला सगळं चालेल."

निलेशने आभारबिभार न मानता फोन बंद केला. दादा उगीच बाहेर जाऊन बैलाशी बोलून आला. प्रणाली हसत होती आणि तिचे डोळे गळत होते, आणि मी तिला म्हटलं, "आता काय रडायचं ते सगळ्यांसमोर रड, हितं नळ सोडायला मोरी नाय."

विहानकडे कुणाचं लक्षच नव्हतं. तो पाळण्यापाशी उभा होता. त्याने विचारलं, "सगळं चालेल म्हणजे काय?"

प्रणाली म्हणाली, "म्हणजे बाळाला लाडू चालेल. जिलबी, चॉकलेट, केक, सगळं."

"सगळं?"

"सगळं."

"म्हणजे सगळे तिला भरवणार?"

"हो रे राजा. सगळे भरवणार."

विहानचं तोंड पडलं. डोळे भरून आले. तो चवड्यांवर उभा राहिला, पाळण्याची कड धरली, आणि आम्हाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात बहिणीला म्हणाला,

"घाबरू नको हां. तू नुसती तोंड मिटून घे. मी सांगतो त्यांना."